रिझ्युमे दोन, माणूस एक

काटेवाडीत तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. ज्या संताचं हे कौतुक, त्यानं आपली कहाणी एका अभंगात सांगितली आहे, तीही संतांनी विचारलं म्हणून. धंदा तोट्यात गेला, दुष्काळात एक बायको अन्नावाचून गेली, हे त्यात लपवलेलं नाही. तरी तो आयुष्याचा सगळा जमाखर्च नव्हे. विठ्ठलाकडे वळण्याची वाट दिसावी एवढंच त्यात घेतलं आहे. म्हणून त्याला कुणी खोटं म्हणत नाही. आता याच गावातला डिप्लोमा झालेला मुलगा घ्या. बारामती एमआयडीसीत पियाजिओकडे अर्ज करताना तो रिझ्युमेत असेंब्ली लाइनवरची अप्रेंटिसशिप वर आणतो. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यासाठी बॉयलरचं काम वर जातं आणि अप्रेंटिसशिप खाली. हा अप्रामाणिकपणा आहे का?

जैनांच्या नयवादाप्रमाणे कोणतंही विधान वस्तूची एखादीच बाजू सांगतं, आणि उरलेल्या बाजू नाकारत नाही तोवर ते योग्यच असतं. या न्यायानं दोन्ही रिझ्युमे खरे. पण एवढ्यावर सुटका नाही, कारण महाभारतातलं अश्वत्थाम्याचं प्रकरण आडवं येतं. त्या नावाचा हत्ती खरोखर मेला होता, आणि तरीही ‘अश्वत्थामा मेला’ म्हणणाऱ्या युधिष्ठिराचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. दोष शब्दांत नव्हता, द्रोणाच्या मनात मुलगा गेल्याची जी समजूत मुद्दाम उभी केली तिच्यात होता. रिझ्युमेलाही हीच कसोटी लावावी. चार दिवस मशीनशेजारी उभं राहून ‘सीएनसीचा अनुभव’ लिहिणारा कदाचित एकही शब्द खोटा लिहीत नसेल. वाचणाऱ्याची फसगत मात्र पुरी होते. याउलट, आजारपणात गेलेलं वर्ष न लिहिणारा कोणतीही खोटी समजूत रुजवत नाही. कामाशी संबंध नसेल तर ते विचारण्याचा हक्कच समोरच्याला नाही.

यावर म्हणतील, सगळेच फुगवून लिहितात, कंपन्याही ते धरूनच वाचतात, मग फसवणूक कुणाची? मला हा युक्तिवाद पटत नाही. वाचणारा सरसकट निम्मं वजा करत असेल, तर जेवढं होतं तेवढंच लिहिणाऱ्याचंही निम्मं जातं. म्हणजे फसतो तो शेजारचा उमेदवार, आणि बहुधा घरात पहिल्यांदाच शिकलेला, ज्याला ही रीत कुणी सांगितलेली नसते. कव्हर लेटरची गोष्ट जरा वेगळी. ‘आपल्याच कंपनीत काम करण्याचं स्वप्न आहे’ हे वाक्य नाव बदलून वीस ठिकाणी जातं, आणि निव्वळ असत्य शोधायचं तर ते रिझ्युमेपेक्षा इथंच सापडेल. पण ‘आमच्याच कंपनीत का?’ असं विचारणाऱ्याला ‘पगार हवा, घर जवळ आहे’ हे उत्तर चालत नसतं. मग त्या असत्याचा निम्मा वाटा विचारणाऱ्याच्याही खात्यावर मांडायला हवा.