सर्पदंश आणि दैव

पावसाळ्यात कोणास पान लागले व तो दगावला, म्हणजे “त्याचा काळच आला होता” असे म्हणून आपण त्यास पुरून घरी येतो. दुःखिताच्या सांत्वनास हे शब्द बरे. परंतु ते खरे आहेत काय, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इ. स. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मेली, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८,०००, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. मरणारे बहुतकरून खेड्यांतील. आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर असे आढळले की, अशा शंभर मृत्यूंपैकी सुमारे ७७ दवाखान्याबाहेर घडले. हे सर्वच वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यास उपाय मिळालाच नाही, त्याच्या मरणाचे खापर दैवावर कसे फोडावे?

उपाय तर आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप विशेष घातक. घोड्यास त्यांचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तापासून जी लस काढितात, ती ह्या चारही विषांवर चालते; मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती पुष्कळ वर्षे तयार होत आली आहे. मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजे.

कोणी म्हणेल, मांत्रिकाच्या हातून बरे झालेले आम्ही पाहिले आहेत. खरे आहे; पण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर खेपेस विष सोडतोच असे नाही. असे रोगी मंत्रावाचूनही बरे झाले असते. मण्यार मात्र रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना थोडी, खूणही दिसेल न दिसेल. घरची माणसे निर्धास्त राहतात, आणि पहाटे रोग्याच्या पापण्या मिटू लागून श्वास कोंडतो.

मग लेकरास मांत्रिकाकडे नेणारा बाप दुष्ट होता काय? मुळीच नाही; त्याने मायेनेच नेले. परंतु मायेने केलेला उशीर विषास थांबवीत नाही. नेणत्याचा दोष थोडा. जाणत्याने गप्प बसावे, गाडीवाल्याने “सकाळी पाहू” म्हणावे, अथवा अधिकाऱ्याने दवाखान्यातील लस संपू द्यावी, ह्यांचा दोष मोठा. आणि मंत्र सोडलेल्या आपण प्रार्थनेच्या नावाने तोच उशीर केला, तर आपण काय सोडले? प्रार्थना अवश्य करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर.

रोग्यास धीर द्यावा, चालवू नये. दंश झालेला हातपाय हलू देऊ नये. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये, साप शोधण्यात वेळ दवडू नये. लस कोणत्या दवाखान्यात असते व रात्री गाडी कोणाची मिळेल, हे प्रत्येक मंडळीने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे. एवढे करूनही मनुष्य गेला, तर मग ईश्वरेच्छा म्हणावी, त्याआधी नव्हे.