बोथट झालेले लोखंड

शास्त्रभाग: उपदेशक 10:10, गलतीकरांस पत्र 6:1



उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात एक साधी गोष्ट सांगितली आहे. लोखंड बोथट झाले असता ज्याने त्यास धार लावली नाही, त्याला अधिक जोर करावा लागतो. ज्याने हे लिहिले त्याने कोणास तरी बोथट कुऱ्हाडीने लाकूड फोडताना जवळून पाहिले असावे, असे मला वाटते. लाकूड फुटत नाही, मनुष्य घामाघूम होतो, आणि दोष मात्र लाकडाला देतो.

आमच्या मुकुंदवाडीत आता असे दृश्य क्वचितच दिसते. एके काळचे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि सुतारकाम म्हणजे प्लायवुडचे तक्ते विजेच्या यंत्राने कापणे असे झाले आहे. त्यात वाईट काही नाही. परंतु जुनी हत्यारे घरोघरी बाजेखाली पडून आहेत, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांची किंमत होत आहे.

आमच्या मंडळीतील एका विधवा बहिणीच्या घरी तिच्या पतीची अशी पेटी होती: वाकस, दोन रंधे, लहानमोठ्या पटाश्या, करवत, गुण्या, गिरमिट. सहा पावसाळे कोणी ती उघडली नाही. मुलगा कारखान्यात कामाला आहे. त्याने भंगारवाल्यास बोलाविले. रंध्याचे शिसवी लाकूड बापाच्या अंगठ्याने झिजून एका बाजूस खोलगट झाले होते. भंगारवाला म्हणाला की लाकूड वजनात धरत नाहीत. तेव्हा त्या माउलीने काही न बोलता पेटी घरात ओढून घेतली. पुढे शेजारच्या एका वृद्ध मिस्त्रीने त्या मुलास जवळ बसवून ती सर्व हत्यारे कामास लावून दिली. ते काम मी तीन संध्याकाळ पाहत बसलो होतो.

मिस्त्रीने प्रथम विटेचा भुगा तेलात कालवून गंज घासून काढला. वरवरचा गंज लवकर जातो. पण काही ठिकाणी गंजाने लोखंडात बारीक खड्डे पाडले होते, आणि धारेजवळ खड्डा राहिला तर तेथे धार टिकत नाही. तो संपेपर्यंत पाते मागे घासावे लागते. मग त्याने पाते दगडावर पालथे घातले. मुलगा म्हणाला, “काका, धार तर वरच्या उताराला आहे, पाठ कशाला घासता?” मिस्त्री म्हणाला, “अरे, धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ. पाठ सपाट नसेल तर उतार कितीही घास, रेघ वाकडीच राहणार.” जवळजवळ एक संध्याकाळ त्याने केवळ पाठीवर घालविली, जी काम करताना कोणाच्या नजरेस पडत नाही.

सुवार्तिक बंधूंनो, येथे थोडे थांबा. गावकऱ्यांना आपला उतार दिसतो: रविवारचा उपदेश, गीत, प्रार्थनेतील शब्द. पाठ घरात असते. बायकोशी बोलणे, उधारीचा हिशेब, कोणी पाहत नसता उघडलेले किंवा न उघडलेले पवित्र शास्त्र. उपदेश बोथट झाला आहे हे ज्याला जाणवते तो पुष्कळदा एकच उपाय करितो, आवाज वाढवितो. हाच तो उपदेशकाने सांगितलेला जास्तीचा जोर. श्रोते झोपी गेले म्हणून मेजावर मूठ आपटणारे उपदेशक मी पाहिले आहेत. श्रोते जागे होतात खरे, परंतु हालत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मुलाला घाई झाली. कारखान्यातील विजेच्या चाकावर एका मिनिटात धार लावून आणतो, असे तो म्हणाला. मिस्त्रीने पाते त्याच्या हातून काढून घेतले. कारण लोहार जेव्हा पाते घडवितो तेव्हा ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवितो. तेव्हा ते इतके कठीण होते की ठोक्याने तडकेल. म्हणून ते पुन्हा हळूहळू तापवितात, आणि वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला की थांबतात. ह्यालाच आपण पाणी देणे म्हणतो. कोरड्या वेगवान चाकावर धार क्षणात निळी पडते, आणि निळी पडली की पाणी उतरले. दिसायला ती चकचकीत असते, पण लाकडाला लागताच वळते. म्हणून मिस्त्री दगडावर पाणी शिंपडीत सावकाश घासत राहिला.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायाच्या शेवटी, इस्राएलात एकही लोहार नव्हता असे लिहिले आहे. पलिष्ट्यांनी तो राहू दिला नव्हता, म्हणून फाळ व कुऱ्हाड धारेस लावावयाची तरी इस्राएली लोकांना शत्रूकडे उतरावे लागे. तेथे मूळ इब्री भाषेत ‘पीम’ असा शब्द आहे. तो पूर्वी कोणास नीट कळत नव्हता. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ कानस असा केला आहे. पुढे पॅलेस्टाइनच्या भूमीत तोच शब्द कोरलेली दगडी वजने सापडली, सुमारे साडेसात ग्रॅमची, आणि उलगडा झाला की ती धार लावण्याची मजुरी होती: शेकेलाचे दोन तृतीयांश. एवढी चांदी एका फाळासाठी! ज्याच्या हाती धार लावण्याची कला नाही, त्याला आपली भाकरही दुसऱ्याच्या दारातून विकत घ्यावी लागते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. बारा बलुत्यांच्या गावगाड्यात सुताराचे हत्यार सुताराच्या घरी आणि लोहाराचा भाता लोहाराच्या घरी राहिला. वेशीबाहेरच्या मुलाच्या हाती रंधा कोण देणार? म्हणून 1854 साली नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसविले, आणि तेथे अक्षरांबरोबर सुतारकाम व लोहारकाम शिकविले, ही लहान गोष्ट मानू नका. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथेच वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. 1873 साली डॉक्टर वारले, तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले त्याच्या खोडावर त्यांचे नाव ह्याच जेकबने कोरले. ज्याला एके काळी माणसांनी विकले होते, त्याच्या हाती हत्यार होते आणि अक्षरही होते. अहमदनगरातही, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा चालविली. आपल्या कित्येक कुटुंबांत बलुत्याचा नव्हे असा पहिला रोख पैसा अशाच शिक्षणाने आला.

जाता जाता एक सांगतो. वेरूळची दहावी लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लोक तिला सुताराचे झोपडे म्हणतात. ते बौद्धांचे चैत्यगृह आहे, आणि त्याच्या कमानदार छताला वासे आहेत, अखंड पाषाणात कोरलेले. दगडाला वाशांची काय गरज? पण कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडी घर होते. सुताराचा मान ह्या मुलखात पुरातन आहे.

आणि आपला प्रभू? मार्काच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक त्याला सुतार म्हणतात, आणि त्यांनी ते हेटाळणीने म्हटले. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर लिहितो की तो नांगर व जू बनवीत असे. ज्याने बैलाच्या मानेसाठी जू तासले आहे त्यास ठाऊक असते की आतील बाजू रंधून गुळगुळीत न केल्यास चार दिवसांत बैलाचा खांदा सुजतो. प्रभूने आपले जू सोयीचे आहे असे म्हटले, तेव्हा तो आपल्या धंद्यातले बोलत होता.

आता ज्या कारणासाठी मी हे सर्व लिहिले तिकडे येतो. आमच्या मंडळीत एक बंधू दारूत पडला. दोन वर्षे तो उपासनेस आला नाही. गेल्या काही रविवारांपासून तो येऊन शेवटच्या बाकावर, दाराजवळ, बसतो आणि आशीर्वादाआधी उठून जातो. पंचमंडळीत दोन मते झाली. काही म्हणाले, त्याचे नाव काढले आहे ते काढलेलेच राहू द्या; गंजलेले लोखंड पेटीत ठेवले तर बाकीच्यांना गंज चढेल. काही म्हणाले, त्याला लगेच उभे करून सर्वांसमोर पश्चात्ताप वदवून घ्या. पहिले मत मला भंगारवाल्याच्या काट्यासारखे वाटते, आणि दुसरे त्या विजेच्या चाकासारखे.

पौल गलतीकरांस लिहितो की कोणी अपराधात सापडला तर जे आत्मिक आहेत त्यांनी त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणावे. तेथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच मार्काच्या पहिल्या अध्यायात जब्दीच्या मुलांविषयी आले आहे: ती तारवात बसून जाळी नीट करीत होती. फाटलेले जाळे कोणी टाकत नाही, आणि कोणी ते ओरडून शिवतही नाही. सौम्यता म्हणजे पापास हसून सोडणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. धारेजवळचा खड्डा जाईपर्यंत मिस्त्रीने पाते घासलेच. ह्या बंधूचा खड्डा दारूच्या दुकानाच्या वाटेवर आहे, आणि त्याच्या पगाराच्या दिवशी तो सर्वांत खोल असतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्याच्याविषयी मत देऊ नये.

तुमच्या गावीही असा कोणी दाराजवळ बसत असेल. त्याच्या घरी दोघांनी जावे, एकट्याने नको. पगाराच्या संध्याकाळी जावे, म्हणजे त्या वेळी तो घरीच राहील. पहिल्या भेटीत पंचमंडळीचे नाव काढू नये; चहा घ्यावा, मुलांची चौकशी करावी, एक लहान प्रार्थना करावी, आणि पुढच्या महिन्याच्या त्याच दिवशी पुन्हा जावे.