दशमस्थानातली नोकरी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराघरांत ‘पुढे काय?’ हा प्रश्न येऊन बसतो. विचारायला दोन ठिकाणे जवळच असतात. एक म्हणजे हरिनिवासजवळची ‘आयपीएच’. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ठाण्यात ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तिथे मुलांच्या कल-चाचण्या होतात, आणि तिच्याच ‘वेध’ या व्यवसाय-परिषदेने करिअरचा विचार ठाण्याबाहेरच्या शहरांतही नेला. दुसरे ठिकाण म्हणजे पत्रिका बघणारे ओळखीचे गुरुजी, किंवा ‘विवाह, नोकरी, परदेशगमन’ अशी पाटी लावलेले ज्योतिषी. अनेक कुटुंबे दोन्हीकडे जातात. चाचणी म्हणते मुलीला चित्रकलेचा कल आहे, पत्रिका म्हणते बुध बलवान आहे, सीए करा. मग घरात खरा वाद सुरू होतो.

पुढे पदवी हातात आली की प्रश्न बदलतो. ‘काय करू’ मागे पडते आणि ‘कधी लागेल’ उरते. चाळिशीत नोकरी गेलेल्या माणसाचाही प्रश्न हाच असतो, फक्त त्याच्या आवाजात घराच्या हप्त्याची भीती असते.

ज्योतिषाकडे या प्रश्नांची तयार उत्तरे आहेत आणि त्यांची मांडणी रेखीव आहे. पत्रिकेतल्या जन्मलग्नापासून दहावे स्थान हे कर्मस्थान. सहाव्यावरून चाकरी पाहायची, सातव्यावरून व्यापार आणि भागीदारी, दुसऱ्यावरून धन, अकराव्यावरून लाभ. रवी बलवान तर सरकारी अधिकार, मंगळ तर पोलीस, सैन्य किंवा यंत्रे, बुध तर हिशेब आणि लेखन. ‘कधी’चे उत्तर १२० वर्षांच्या विंशोत्तरी दशेतून आणि ग्रहांच्या गोचर भ्रमणातून काढतात. हे शिकायला वर्षे लागतात, आणि निष्ठेने शिकणारे लोक आहेत. त्यांना सरसकट लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाहीच. या उत्तरांवर एखाद्याने आपली नोकरी, राजीनामा आणि उमेदीची वर्षे ठरवावीत का, एवढाच प्रश्न आहे.

साडेसातीचेच गणित मांडून पाहावे. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला आणि कुंभ, मीन, मेष या तीन राशींना साडेसाती लागली. शिवाय सिंहेला आठवा आणि धनूला चौथा शनी, म्हणजे अडीचकी. बारा राशींपैकी पाच शनीच्या फेऱ्यात. शनी पुढच्या राशीत गेला की राशींची नावे बदलतील, पाचाचा आकडा मात्र कायम राहील. सकाळी ठाणे स्टेशनात सीएसएमटीकडे जाणाऱ्या फास्ट लोकलसाठी जी गर्दी उभी असते, तिच्यातले जवळपास चाळीस टक्के लोक या हिशेबाने शनीने पीडित आहेत. ते सगळे कामावर निघालेले असतात. कुणाची त्या वर्षी बढती झालेली असते, कुणाची नोकरी पहिल्याच आठवड्यातली असते. पण ज्याची नोकरी गेली, त्यालाच साडेसाती आठवते.

उलट बाजूही पाहावी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कल्याणजवळ आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, हजारो कामगार एकदम घरी बसले आणि देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. या माणसांच्या राशी वेगळ्या, लग्ने वेगळी, दशा वेगळ्या. कुणाच्या कर्मस्थानी गुरू असेल, कुणाच्या राहू. सगळ्यांच्या हातातले काम गेले. इसवी सनापूर्वी २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हजारो रोमन सैनिक एका दिवसात मारले गेले. ते सगळे एकाच ताऱ्याखाली जन्मले होते का, असा प्रश्न रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी विचारला होता. लालबाग-परळच्या चाळींनी आणि एनआरसीच्या मोहन्यातल्या कामगार वसाहतीनेही तोच विचारावा. नोकरी जाते ती मालक, बाजार, यंत्र आणि सरकारी धोरण यांच्यामुळे. जन्मवेळेच्या कागदात यांतले काहीच लिहिलेले नसते.

पत्रिकेतून निदान माणसाची कुवत तरी कळत असेल, असे वाटू शकते. महाराष्ट्रात याची चाचणी झाली आहे आणि प्रत्येक पालकाने ती जाणून घ्यायला हवी. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर एकत्र आले. शंभर हुशार विद्यार्थ्यांचे आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर मुलांचे जन्मतपशील जमवून पत्रिका तयार केल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाला चाळीस पत्रिका मिळणार होत्या. हुशार मुलाची कोणती आणि दुसऱ्या गटातली कोणती, एवढेच सांगायचे होते. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. कौशल्य मान्य करायला चाळीसपैकी २८ बरोबर लागणार होत्या. सर्वांत चांगली कामगिरी २४ ची झाली आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या. नाणे उडवूनही साधारण इतक्याच आल्या असत्या. हे निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

बुद्धीतला एवढा ढळढळीत फरक जिथे दिसला नाही, तिथे वाणिज्य की विज्ञान, बँक की आयटी हा बारीक फरक कसा दिसणार?

तरीही माणसे जातात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीला ट्रोब्रियांड बेटांवर दिसले होते, की शांत खाजणात मासे धरताना कोळी कसलेही मंत्रतंत्र करत नाहीत. उघड्या समुद्रात, जिथे जीव आणि मासळी दोन्हींची खात्री नसते, तिथे विधी सुरू होतात. आजची नोकरीची बाजारपेठ तसा उघडा समुद्र आहे. पन्नास ठिकाणी अर्ज केले तरी नकाराचेसुद्धा उत्तर येत नाही. अशा वेळी ज्योतिषी अर्धा तास समोर बसून नीट ऐकून घेतो, नाव घेऊन बोलतो आणि ‘सप्टेंबरनंतर बरे दिवस’ म्हणून एक तारीख देतो. कंपनीने इतके सौजन्य दाखवलेले नसते, कधीकधी घरच्यांनीही नाही. हा आधार खरा असतो. त्याच्या पोटी येणारा सल्ला मात्र खरा असेलच असे नाही.

आता धर्माचा प्रश्न. पत्रिका नाकारली तर श्रद्धेला धक्का बसतो, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना मनापासून वाटते. पण ज्योतिष हे वेदांग आहे ते यज्ञाचा काळ ठरवण्यासाठी. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, तिथी आहेत. बारा राशींची कुंडली नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास १८९६ साली आला, तेव्हापासून हा तपशील मराठी वाचकाच्या हाताशी आहे. होराशास्त्रातल्या यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्ञानाचा वराहमिहिराने सहाव्या शतकात आदराने उल्लेख केला आहे. म्हणजे जन्मकुंडली हा धर्माचा गाभा नव्हे, वाटेत येऊन मिळालेली एक विद्या आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला बजावतात, की दैव म्हणजे आपलेच मागचे प्रयत्न, आणि आजचा नेटाचा प्रयत्न त्यांना मागे सारू शकतो. भूत-भविष्य सांगत फिरणाऱ्यांचे तोंडही पाहू नये इतका तुकोबांना त्यांचा कंटाळा होता. वारकऱ्याच्या घरात विठ्ठलावरचा विश्वास पुरेसा असतो. तिथे शनीच्या धाकाला जागा का असावी? आणि या धाकाचा पैसा कसा होतो हे महात्मा फुल्यांनी १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात दाखवून ठेवले आहे. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालणारा त्यातला जोशी आज बदलला असेल, पण नोकरी गेलेल्या माणसाला नीलम घ्यायला लावणारा सल्ला त्याच जातीचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विद्यापीठांतले ज्योतिषाचे अभ्यासक्रम थांबवायला नकार दिला, हे समर्थक नेहमी सांगतात. विद्यापीठात काय शिकवावे यात हस्तक्षेप करायला न्यायालय तयार नव्हते. त्याने कुणाचा दहावा गुरू तपासला नव्हता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातूनही ज्योतिषाचा सल्ला वगळलेला आहे. त्यामुळे हा निवाडा कायद्याने होणार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरातच व्हायचा आहे.

आणि तिथे नुकसान नीट मोजले पाहिजे. अमावास्या म्हणून रुजू व्हायची तारीख पुढे मागितली, की काही कंपन्या पुढच्या उमेदवाराला फोन करतात. ‘दीड वर्ष थांबा, दशा बदलते आहे’ हा सल्ला बाविसाव्या वर्षी फार महाग पडतो, कारण बायोडेटातली दीड वर्षाची पोकळी प्रत्येक मुलाखतीत विचारली जाते. चुकीच्या शाखेत घातलेले मूल तर पदवीची सगळी वर्षे हरते. ‘परदेशगमनाचा योग आहे’ ऐकून हातातली बरी नोकरी सोडणाऱ्याला पुढे भाडे ग्रह देत नाहीत.

पत्रिकेने नोकरी-व्यवसायाचे निर्णय ठरवू नयेत, हे यावरचे स्पष्ट उत्तर आहे. ज्यांना सणवार, मुहूर्त, देवदर्शन यांतून बळ मिळते त्यांनी ते जरूर घ्यावे. मुलाखतीला निघताना घंटाळी देवीला हात जोडण्याने कुणाचे काही बिघडत नाही. पण ऑफर लेटर आले असेल तर पगार, काम, प्रवासाचा वेळ आणि कंपनीची पत बघून ठरवावे, आणि त्याच कंपनीत काम केलेल्या दोन माणसांशी बोलावे. मुलाच्या शाखेबद्दल शंका असेल तर त्याच्या शिक्षकांना भेटावे, कल-चाचणी करून घ्यावी आणि सर्वांत आधी त्या मुलाला विचारावे. नोकरी गेलेला भाऊ, मेहुणा किंवा शेजारी घरात असेल तर त्याला ज्योतिषाचा पत्ता देण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ बसून त्याचे सगळे ऐकून घ्या, आणि आपल्या ओळखीच्या चार ठिकाणी त्याच्यासाठी स्वतः फोन करा.