हसायचं नाही

चोंढीच्या नाक्यावरून किहीमकडे वळलं की दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. मी नोकरीला लागलो तेव्हा वाडीनंतर वाडीच लागायची. आता मधे मधे उंच गडग्यांचे बंगले आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं मांडव्याला लाँचने उतरून तिथे येतात. बाकीचे पाच दिवस आत आमचीच माणसं असतात. कुणी माळी, कुणी राखणदार, कुणी स्वयंपाकाला.

या रस्त्याने मी आधी सायकलवरून आणि मग मोटरसायकलवरून चौतीस वर्षं शाळेत गेलो. शाळा किहीमच्या आसपासचीच, नाव सांगत नाही. पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायचो. आता निवृत्त होऊन घरी बसलो, तरी एक प्रश्न अजून माझ्याबरोबर त्याच रस्त्याने चालतो. मुलाला एखादी नवी गोष्ट द्यायची, म्हणून त्याच्याकडे जी आहे तिची लाज वाटायला लावण्याचा अधिकार मास्तराला आहे का? आणि त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न असा, की त्याला लाज वाटू नये म्हणून ती नवी गोष्ट अर्धीमुर्धी देऊन मोकळं होण्याचा तरी अधिकार आहे का? मी दोन्ही केलंय. म्हणून लिहितोय.

नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात ऐकलं, की इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीच बोलायचं, मातृभाषा वर्गाबाहेर ठेवायची. डायरेक्ट मेथड म्हणतात तिला. आम्ही स्वतः तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. आधी मराठी वाक्य, मग इंग्रजी वाक्य, मग नियम. त्यातून व्याकरण पक्कं झालं, पण साहेबासमोर उभं राहिलं की तोंड उघडायचं नाही. त्यामुळे ही नवी रीत मला पटली. परत आलो आणि वर्गात नियम लावला, की इंग्रजीच्या तासाला मराठी बोलेल त्याला दहा पैसे दंड. डबा केला, त्यावर कागद चिकटवला. दंडाच्या पैशांतून वर्षाअखेर खाऊ आणू म्हणालो. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

वर्गात एक मुलगा होता. बाप मासेमारीच्या होडीवर, आई डोक्यावर पाटी घेऊन चोंढीपर्यंत मासळी विकायची. दोन महिन्यांत त्याला एकदाही दंड झाला नाही. मी वर्गाला त्याचं उदाहरण द्यायचो. एक दिवस त्याची आई पाटी शाळेच्या पायरीशी ठेवून आत आली.

"गुरुजी, पोर शालेन बोलते का? घरान तर गप बसत नाय."

मी कौतुकाने सांगितलं, "मावशी, त्याला एकदाही दंड नाही झाला."

ती जरा थांबली. म्हणाली, "म्हंजे बोलतच नाय."

एवढं बोलून तिने पाटी उचलली आणि गेली. मी दंडाच्या डब्याकडे बघत राहिलो. डब्यात पैसे होते ते बोलणाऱ्या मुलांचे. गप्प बसणाऱ्याचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

मग लक्षात आलं, की या मुलाची जीभ माझ्या आधीच एकदा कापली गेली होती, आणि तीही मराठीच्या तासाला. तो 'शाला' म्हणायचा, आम्ही 'शाळा' म्हण म्हणायचो. तो 'पानी' म्हणायचा, आम्ही 'पाणी'. तो 'मना' म्हणायचा, आम्ही 'मला'. दर वेळी मागच्या बाकांवरून हसू यायचं आणि आम्ही मास्तर ते थांबवत नव्हतो, कारण आम्हालाही थोडं हसूच येत असे. गंमत अशी, की त्याच वर्गात आम्ही बहिणाबाईंची कविता कौतुकाने शिकवत होतो. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली आणि १९५२ साली ती पुस्तकात आली. ती खानदेशी बोली आम्ही मुलांकडून पाठ करून घ्यायचो आणि शेजारच्या वाडीतली बोली पुसून टाकायला सांगायचो. छापलेली बोली गोड आणि ऐकू येणारी अशुद्ध, असा आमचा न्याय.

डबा बंद केला. पण मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पोरांना त्रास नको, ती पास झाली पाहिजेत. इंग्रजी वाक्याच्या खाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायला लागलो. 'धिस इज माय स्कूल. माय स्कूल इज बिग.' शाळेवरचा दहा वाक्यांचा निबंध, गाईवरचा दहा वाक्यांचा निबंध, आजारी पडल्याचा रजेचा अर्ज. एका सुरात म्हणून घेतलं की चौथ्या दिवशी सगळ्या वर्गाला पाठ. निकाल चांगला लागला. तपासणीला आलेले साहेब खूश, पालक खूश. मुलंही खूश, कारण हसं होत नव्हतं. माझ्या मते मी दयाळू मास्तर झालो होतो.

त्यातलाच एक विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी माझ्या घरी आला. आमच्या हातून सातवी, पुढे हायस्कुलातून दहावी पास. एका बंगल्यावर राखणदार होता, बायको तिथेच धुणीभांडी करायची, बंगल्यामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. त्याच्या हातात चार पानांचा इंग्रजी करार होता. मालकांनी सही मागितली, त्याने आठ महिन्यांपूर्वी केली. आता त्यांना जागा रिकामी हवी होती. मी वाचलं. महिन्याची नोटीस दिली की नोकरी संपेल आणि त्याच दिवशी खोल्या रिकाम्या करून द्यायच्या, असं तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. सही करताना हे वाचलं नव्हतंस का, असं मी विचारलं.

तो म्हणाला, "वाचता येतं गुरुजी. कलत नाय."

खरंच होतं ते. मी त्याला वाचायलाच शिकवलं होतं. 'माय स्कूल इज बिग' हे तो आजही घडाघडा म्हणू शकला असता. दंडाच्या डब्याने एका मुलाला गप्प केलं, आणि माझ्या दयेने दुसऱ्याला न कळणाऱ्या कागदावर सही करायला पाठवलं. पहिली चूक निदान कुणाच्या आईला दिसली. दुसरीवर तर गुणपत्रिकेचा शिक्का होता.

इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हाही पडले होते. मायबोलीवर घाव पडेल, असं एक बाजू म्हणत होती. मीही त्या बाजूचा होतो. पण एक गोष्ट मला खटकत होती. खेड्यातल्या मुलाने मराठी जपावी असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत होती. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माऊली म्हटलं, ते काही मराठीवरच्या रागाने नव्हे. त्यांनी लिहिलं ते मराठीतच. ज्यांना इथल्या विद्येचे दरवाजे बंद होते त्यांना या भाषेतून एक दार उघडं दिसत होतं. ते दार आमच्या राखणदाराला आजही लागतं. कराराचा कागद, बँकेचा संदेश, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं इंग्रजीत. तेव्हा इंग्रजी द्यायची की नाही, हा प्रश्न मुलांच्या बाजूने केव्हाच सुटलेला आहे. ती कशी द्यायची, हा मास्तरच्या सचोटीचा प्रश्न उरतो.

त्यानंतर मी शिकवण्याची रीत बदलली. वर्गात एकच नियम ठेवला, 'हसायचं नाही.' चुकणाऱ्याला हसायचं नाही, मग तो इंग्रजीत चुको की 'शाला' म्हणो. मलाही एखाद्या शब्दाचा उच्चार नक्की माहीत नसे. पूर्वी तो मी ठोकून द्यायचो. आता कोशात बघू या म्हणायला लागलो. मास्तरला अडलेलं बघून मुलांना धीर येतो.

चुकांकडे बघायचीही सवय लावून घेतली. मूल लिहितं, 'आय मँगो ईट'. पूर्वी मी त्यावर लाल रेघ मारायचो. पण हे मूल काही वेंधळेपणा करत नसतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'मी आंबा खातो', म्हणून त्याने तीच घडी इंग्रजीला घातली. 'अ' आणि 'द' विसरतं, कारण मराठीला त्यांची गरजच नाही. ही चूक म्हणजे मराठी नीट येत असल्याची खूण आहे. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहायची, नाव कुणाचं घालायचं नाही, आणि विचारायचं, बघा, कोणता शब्द कुठे गेला? पोरं आपणच नियम काढायची.

लहान वर्गाला आधी बोलायला लावत नसे. स्टँड अप, टच द डोअर, पिक अप द चॉक असं सांगायचं आणि त्यांनी नुसतं करायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी ही रीत मांडली आहे. मूल घरी भाषा शिकतं तेव्हा बोलण्याआधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं आणि ऐकलं तसं करतं, हा तिचा आधार. न बोलणाऱ्या मुलालाही इथे जागा मिळते.

मोठ्या वर्गाला कामं द्यायचो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत असा प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा न देता मुलांना नकाशा, वेळापत्रक असं काहीतरी देऊन त्यातला प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचा. मी मांडव्याच्या लाँचचं वेळापत्रक आणलं. आजीला चार वाजता गेटवेला पोचवायचंय, तर चोंढीहून किती वाजता निघायचं? आपसात बोला वाटेल त्या भाषेत, उत्तर मात्र इंग्रजीत, आणि ते कुठून काढलं तेही दाखवायचं. वाचलेलं कळलंय की नाही, हे तिथे लपत नाही. पुढे बँकेचे फॉर्म आणले, औषधांची खोकी आणली, करारातली एकेक ओळ आणली.

एका पावसाळ्यातला तास मात्र विसरत नाही. शाळेमागच्या माडाला सुगरणींची घरटी लोंबत होती. मी मुलांना सांगितलं, की १९३० साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली आपल्या किहीमला राहिले आणि त्यांनी याच पाखराचा अभ्यास केला. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन बघते. पसंत पडलं तर तो ते पुरं करतो, आणि तिचा संसार लागला की पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो. हे अलींनी इंग्रजीत लिहिलं आणि जगाला कळलं. आता तुम्ही जे बघितलंय ते सांगा. आधी तुमच्या भाषेत, मग इंग्रजीत.

मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कोणत्या पात्याच्या चिरफाळ्या नेतात, अर्धवट घरटी का लोंबतात, कावळा कधी येतो. फळा भरला. 'मेल मेक नेस्ट. फिमेल सी. फिमेल नो लाइक, मेल मेक न्यू नेस्ट.' एकही वाक्य व्याकरणात धड नव्हतं आणि एकही पाठ केलेलं नव्हतं. मग आम्ही ती एकेक करून सरळ केली.

मधेच एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, बांधतो बाप्या, मग आपन सुगरन का म्हनतो?"

मला उत्तर सुचेना. इंग्रजीत वीव्हर बर्ड म्हणतात, म्हणजे विणकर पाखरू, त्यात बाई की बाप्या ते कळत नाही. आपल्या पूर्वजांनी कसब बघितलं आणि घरातलं कसब बाईचंच असणार असं धरलं. मी म्हणालो, इथे आपल्या भाषेची जरा फसगत झालेली दिसते. ती लगेच म्हणाली, "पन नाव आपलंच चांगलं हाय."

कुणी हसलं नाही. मी तिचं म्हणणं फळ्यावर लिहिलं, ती म्हणाली तसंच, 'चांगलं हाय'. त्याखाली विचारलं, हे इंग्रजीत कसं सांगशील? ती बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली. मी थांबलो. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग तिने सांगितलं, "अवर नेम इज गुड. बट मेल इज वर्किंग."

तो दोन महिने गप्प बसलेला मुलगा आता चाळिशीच्या पुढे आहे. स्वतःची होडी आहे. कधी बंदरावर भेटला की भरभरून बोलतो, दर्याबद्दल, डिझेलच्या भावाबद्दल. इंग्रजी त्याला येत नाही. मुलगी कॉलेजात जाते, तिच्याकडून कागद वाचून घेतो म्हणाला. मी त्याला दंडाच्या डब्याचं कधी विचारलं नाही. एकदा विचारायला हवं.