डाग कुणाचा?

एका लग्नात फोटो काढणारा मुलगा नवरीच्या आत्याला म्हणाला, "आत्या, जरा तोंड मिटून हसा." आत्यांनी मुकाट्याने ओठ मिटले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तरी ते वाक्य मला अजून टोचतं. दात पिवळे म्हणजे माणूस गबाळा, हे आपण इतक्या सहज कसं धरून चालतो?

चहा, कॉफी, पान, तंबाखू, हळद, जांभूळ, कोकम ही यादी सगळ्यांना पाठ आहे. दात शुभ्र करून देणाऱ्यांच्या जाहिराती ती रोज ऐकवतात: हे टाळा, नाहीतर आमच्याकडे या. माझं भांडण या जाहिरातींशी आहे. डाग वेगळा आणि इजा वेगळी, एवढंही त्या लोकांना कळू देत नाहीत. दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर सतत चढत असतो. चहातलं टॅनिन त्या थराला चिकटतं आणि रंग धरतो; खालचा दात धडधाकट असतो. दुधातलं केसीन टॅनिनला आधीच धरून ठेवतं, म्हणून आपल्या दुधाच्या चहाचा डाग कोऱ्या चहापेक्षा फिका पडतो. आता लिंबू सोडा बघा. रंग नाही, डाग नाही. पण पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं एनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. त्यात आंबट पिऊन लगेच ब्रश फिरवला, तर मऊ पडलेला थर घासून निघतो. जाहिरातीच्या यादीत हा सोडा कुठेच नसतो.

आणि पांढरा दातच सुंदर, हे तरी कुणी ठरवलं? आपल्याकडेच एके काळी काळे दात हे सवाष्णीचं लेणं होतं. हिरडा आणि हिराकस घालून केलेलं दातवण बायका हौसेने लावत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काळाभोर रंग येतो. जुन्या काळच्या काही शायाही याच रसायनावर होत. जपानी बायकांचं ओहागुरोही तसंच, टॅनिन आणि लोहाचं. १८७० मध्ये तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना त्याची बंदी केली, १८७३ मध्ये सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि शतकानुशतकांची आवड हळूहळू मागे पडली.

इथवर आलं की म्हणावंसं वाटतं, डागांच्या वाटेला जाऊच नका. पण मिसरी आडवी येते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दातांना-हिरड्यांना लावायची आणि बराच वेळ तशीच तोंडात धरायची. तो काळा डाग निरुपद्रवी नाही. तंबाखू हिरडीला रोज कुठे लागते ते तो दाखवतो. सुपारीचंही तेच. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग आणते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. असे दात पांढरे करून घेतले की खूण जाते, सवय राहते. म्हणजे डाग आणि इजा वेगळे असले, तरी डागाकडे काणाडोळा करून चालत नाही. तो कशाचा आहे, हे विचारावंच लागतं.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. तिथे मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, कुठे तपकिरी चट्टे. ते घासून जात नाहीत, कारण ते बाहेरून बसलेलेच नसतात. दात हिरडीच्या आत घडत असतात त्या कोवळ्या वयात बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड त्यांच्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून फार जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाणी उकळून ते जात नाही.

वर्गात चार-सहा मुलांचे दात असे दिसले तर मास्तरांनी ब्रश कसा करावा यावर भाषण देऊ नये. त्या बोअरचं पाणी तपासायला पाठवावं आणि ग्रामपंचायतीकडे दुसऱ्या पाण्याचा हट्ट धरावा. वर्गातल्या थोरल्यांच्या दातांना आता त्याचा उपयोग नाही. घरी रांगणाऱ्या त्यांच्या भावंडांना आहे.