नाकातील दोष, डोकेदुखी आणि कारणाची कसोटी

न्यायदर्शनाने दुःख हा आत्म्याचा गुण मानला असून त्याचे ज्ञान ज्याचे त्याला मनाद्वारे प्रत्यक्ष होते, इतरांना ते अनुमानानेच करून घ्यावे लागते. त्यामुळे नाकातील दोषातून उद्भवणाऱ्या डोकेदुखीवर शस्त्र चालवावे की नाही, हा प्रश्न वैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान खरे कशाने ठरते हे तपासणाऱ्या शास्त्राचाही आहे. दुर्बिणीतून नाकाचा वाकडा पडदा दिसतो, त्याचे टोक शंखास्थीच्या, म्हणजे बाजूच्या भिंतीवरून आत वळलेल्या पातळ हाडाच्या, ओलसर गुलाबी अस्तरात रुतलेले दिसते. वेदना मात्र कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही.

नाकाच्या अस्तराची आणि कपाळाची संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जात असल्याने नाकातला दाब कपाळात जाणवणे शक्य आहे, परंतु शक्यता म्हणजे व्याप्ती, अर्थात अपवादरहित साहचर्य नव्हे, कारण असेच टोक रुतलेल्या कित्येकांचे डोके कधी दुखत नाही. नैयायिक याला व्यभिचार म्हणतात. म्हणून डोके दुखत असतानाच ती जागा लिग्नोकेनने बधिर करून दुखणे थांबते का, हे पाहतात. ही व्यतिरेकाची, म्हणजे कारण हटताच कार्य हटते का याची कसोटी मोलाची खरी, पण नाकात लिग्नोकेन सोडल्याने काहींची अर्धशिशीही ओसरते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असे निदान झालेल्या वा स्वतःच तसे मानणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारांत मोडणारी निघाली.

अग्नीपासून धूर निघतो तो सरपण ओले असेल तरच, आणि या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. रुतलेल्या टोकाच्या बाबतीत मेंदूची अर्धशिशीप्रवणता हीच पुष्कळदा उपाधी असावी. शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले, एवढ्यावरूनही कारण सिद्ध होत नाही: १९५९ साली छातीतील धमनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेची परीक्षा झाली, तेव्हा ज्यांच्या केवळ त्वचेला छेद दिला होता त्यांचेही हृदयशूल तितकेच कमी झाले. त्या रुग्णांची वेदना खोटी नव्हती. तिच्या कारणाविषयीचे अनुमान चुकले होते.

तेव्हा अर्धशिशीचे उपचार रीतसर करून पाहिल्यावर आणि बधिरतेची कसोटी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा जुळल्यावरच शस्त्र उचलणे न्याय्य ठरते. कारण शस्त्रक्रियेत शंखास्थीचा काढलेला भाग पुन्हा वाढत नाही, आणि तो अती काढला गेल्यास वाट मोकळी असूनही श्वास कोंडल्याचा त्रास काहींना कायमचा जडतो.