दिशा कोणाची?

हौशी कारागिरांत ‘३०१८’ या नावाने ओळखले जाणारे, सुमारे तीस सेंटिमीटर लांब आणि अठरा सेंटिमीटर रुंद क्षेत्रावर कोरीव काम करणारे लहानसे सीएनसी यंत्र जोडून झाल्यावर वाय अक्षाच्या धन दिशेचा हुकूम सोडावा, तो त्याचा लाकूड धरणारा बेड दूर न जाता उलट आपल्याच अंगावर चालून येतो, आणि पाहणाऱ्याची तत्काळ खात्री पटते की या अक्षाची दिशा चुकली आहे. वस्तुतः तेथे काहीच चुकलेले नसते. दिशा गणावयाची ती बेडची नव्हे, हत्याराची, म्हणजे कोरणाऱ्या बिटची, असा या विद्येचा संकेत आहे. बेड स्थिर आहे आणि बिटच सरकत आहे असे कल्पिले, म्हणजे बेड जवळ येणे याचाच अर्थ लाकडाच्या दृष्टीने बिट पलीकडे जाणे असा होतो. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला तीरावरच्या अचल वस्तू मागे सरताना दिसतात, तसेच आकाशातील अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने ‘आर्यभटीया’त सांगितले त्याला दीड हजार वर्षे लोटली, तरी तो विवेक क्षणभर सुटतो, सुस्थितीतील यंत्रात फेरफार होतो, आणि खरा दोष तेथून पुढे सुरू होतो.

वैशेषिकांनी दिक् हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले, ते एक, नित्य आणि विभू ठरविले, आणि पूर्व-पश्चिमादी भेद त्याच्या ठायी मुळात नसून सूर्यसंयोगासारख्या उपाधींनी आलेले आहेत असा निवाडा दिला. यंत्रातील उपाधी तर हाताला लागण्याइतकी स्थूल असते. अशी यंत्रे चालविणाऱ्या ग्रबल या प्रणालीत डॉलर-तीन या नोंदीत एक्ससाठी १, वायसाठी २ आणि झेडसाठी ४ मिळविले की तो तो अक्ष उलटतो. किंवा वीज पूर्ण बंद करून मोटरच्या एका कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली तरी तेच साधते. मात्र दोन्ही कॉइलींच्या वायरी तशा बदलल्या, तर मोटर पूर्वीसारखीच फिरते.

मग दिशा ही केवळ मानण्याची गोष्ट आहे काय? तत्त्वज्ञ लाइब्निझचे उत्तर जवळजवळ होकारार्थी होते. १७१५-१६ मध्ये इंग्रज विचारवंत क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याचे म्हणणे असे की, ईश्वराने साऱ्या सृष्टीची पूर्व पश्चिमेच्या जागी ठेवली असती, तरी वस्तूंचे परस्परसंबंध तेच राहिल्यामुळे त्या दोन सृष्टींत भेदच उरला नसता. कांटने १७६८ मध्ये याला प्रत्युत्तर म्हणून उजवा आणि डावा हात पुढे केला: अवयवांची मापे आणि त्यांचे परस्परसंबंध तेच, तरीही एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

दाराच्या पाटीवर ‘गणेश’ ही अक्षरे कोरून पाहावीत, म्हणजे हा वाद लाकडावर उमटतो. केवळ एक्स उलटा असेल तर ‘ग’चा काना डावीकडे जाऊन सारा शब्द आरशातल्यासारखा उमटतो, केवळ वाय उलटा असेल तर शिरोरेषा पायथ्याशी येते, आणि पाटी कितीही फिरविली तरी शब्द वाचता येत नाही. पण दोन्ही अक्ष उलटे असतील तर शिरोरेषा खाली दिसत असूनही पाटी अर्धा फेरा फिरविताच नाव सुवाच्य होते. झेडची गोष्ट मात्र निराळी. तो उलटा असला तर वर उचलण्याच्या हुकुमाने बिट लाकडात घुसते, म्हणून त्याची खातरजमा बिट काढून ठेवूनच करावी.

माझ्या मते लाइब्निझ आणि कांट या दोघांचेही म्हणणे येथे आपापल्या मर्यादेत खरे ठरते. एकेका अक्षाला धन कोणते आणि ऋण कोणते म्हणावे, हे मुकर्रर करण्याची आपल्याला मुभा आहे; परंतु अक्षांच्या जुळणीचे उजवेपण आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, आणि ते बिघडले तर तो दोष कोणा एका अक्षाच्या माथी मारता येत नाही. आरशातल्यासारखी उमटलेली पाटी एक्स सुधारूनही सरळ होते आणि वाय सुधारूनही सरळ होते. या दोहोंपैकी उलटा कोणता होता, हे त्या लाकडावरून कधीच ठरत नाही. ते ठरते यंत्राच्या कोणत्या बाजूला उभे राहून आपण काम करणार यावरून, आणि ती बाजू एकदा नक्की केल्यावरच डॉलर-तीनला हात लावावा.